दार नदीकडे होतं

आई,

काल तुमचं तेरावं झालं. बुकित पंजांगपासून आंग मो किओपर्यंतची आपली सगळी मंडळी आली होती आणि जो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होता. शांत होत्या. मनमिळाऊ होत्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी स्वयंपाकघरात पानं वाढता वाढता ऐकत होते आणि मला हसू आवरेना. शेवटी पदर तोंडाला लावला, तर बायकांना वाटलं मी रडतेय. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग मात्र खरंच रडू आलं.

शांत म्हणे! अहो, जिनं एका शनिवारी भर बांधकामावरचं मशीन थांबवून ठेवलं, ती बाई शांत? घरी तुम्ही मला साधी कढी माझ्या पद्धतीनं करू दिली नाहीत कधी. मनमिळाऊही नव्हतात. तुमचं मन जुळायला वेळ लागायचा आणि जुळलं की मग समोरच्याची सुटका नसायची.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, शाळेत किती वर्षं शिकवलंत, ते सगळं तुमच्या लेकानं, मिलिंदनं, लिहून काढलंय, पेपरात द्यायला. ते त्याचं त्याला लखलाभ. मला त्या शनिवारबद्दल बोलायचंय. तुम्ही असतात तर मला धड बोलू दिलं नसतं. दुसऱ्याच वाक्याला 'अगं, तसं नाही झालं' म्हणून सगळी गोष्ट स्वतःच्या हातात घेतली असती. आता घ्या ना. घ्या की. मी थांबते.

नाही ना घेत? मग ऐका.

तुम्ही पुण्याचं घर बंद करून इकडे परदेशात, सेंगकांगला आमच्याकडे राहायला आलात तेव्हा मला धास्ती होती, की दिवसभर ही बाई फ्लॅटमध्ये करणार काय. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला जाणार, इरा शाळेत. पहिला महिना तुम्ही माझे डबे लावलेत. दुसऱ्या महिन्यात लावलेले डबे पुन्हा लावलेत. तिसऱ्या महिन्यात कुठून तरी कळलं, की नदीजवळ एक जुनी इमारत पाडलीय, नवीन उभी राहायच्या आधी तिथे उत्खनन चाललंय आणि माती खरवडायला हौशी माणसं हवी आहेत. रात्री जेवताना तुम्ही जाहीर केलंत, 'मी उद्यापासून जाणार.' परवानगी विचारायची पद्धत तुमच्याकडे नव्हतीच. मिलिंद म्हणाला, 'आई, गुडघे!' तुम्ही म्हणालात, 'गुडघे मी बरोबर नेणार आहे.' इरा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, 'आजी, सो हॉट ला, यू विल मेल्ट.' तिच्याकडे तुम्ही फक्त बघितलंत.

दुसऱ्या दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन, कॅनव्हासची टोपी घालून तुम्ही एमआरटीच्या गाडीत बसलात ती रोजचीच चाकरी झाली. संध्याकाळी यायचात ती नखांत माती घेऊन. आणि बोलणं काय! आज निळ्या नक्षीच्या चिनी बशीचा तुकडा, आज काचेचा मणी, आज भोकाचं चिनी नाणं. सहा-सातशे वर्षांपूर्वी इथे बंदर होतं, गजबजलेलं गाव होतं, हे तुम्ही अशा थाटात सांगायचात की जणू तिथे तुमची चुलत नणंद दिली होती. मी ऑफिसातून दमून आलेली. मी 'हो का, वा' म्हणत कांदा चिरायची. पण ऐकायची, आई. सगळं ऐकायची.

एकदाच, फक्त एकदाच तुम्ही दुसरं काही सांगितलंत. लग्नाआधी तुम्ही पुरातत्त्व शिकत होतात, नदीकाठच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर खणायला जायचात. मोसम संपत आला होता, खापरांच्या खाली चोपलेली जमीन दिसायला लागली होती. म्हणजे घर लागणार होतं. आणि तेवढ्यात घरून तार आली, मुलगा पसंत आहे, ताबडतोब ये. तुम्ही गेलात. घर मागे राहिलेल्यांना लागलं. 'मी आयुष्यभर खापरंच पाहिली गं मेधा,' तुम्ही म्हणालात, 'माणूस कुठे बसत होता, ते काही मला पाहायला मिळालं नाही.' एवढं बोलून तुम्ही मुगाची डाळ निवडायला घेतलीत. मीपण तुमच्या समोर बसून डाळच निवडली.

तर तो शनिवार. उत्खननाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी खड्डे बुजवायचे आणि जागा बांधकामवाल्यांच्या ताब्यात द्यायची, असं ठरलेलं. आणि आपल्याकडे नेमकी त्या रात्री मिलिंदच्या ऑफिसातली मंडळी जेवायला. मी ठणकावून सांगितलं होतं, 'आई, दुपारी मी स्वतः न्यायला येणार. श्रीखंड तुम्ही घोटणार आहात.' तुम्ही 'हो हो' म्हणालात. तुमच्या त्या 'हो हो'चा अर्थ मला कळायला हवा होता.

मी आले ती चांगली टापटीप कपड्यांत, कारण येताना बँकेत डोकावून आले होते. पत्र्याच्या कुंपणाआत पाहते तो सगळे जण पलीकडच्या मोठ्या खड्ड्यात गर्दी करून काम करताहेत आणि तुम्ही या टोकाला एकट्याच, तुमच्या त्या चौकोनात. दोरी लावून आखलेला चौकोन, आत नुसती पांढरट वाळू, उन्हानं भाजून निघालेली. डेरेक, म्हणजे तिथला तरुण मुख्य, मला म्हणाला, 'तुमच्या ऑंटीला सांगा ना. हा चौकोन रिकामा आहे, बंद केलाय. त्या ऐकतच नाहीत.'

मी म्हटलं, 'आई, चला. दही टांगलंय.'

'पाच मिनिटं,' तुम्ही म्हणालात. 'निरोप घेते.'

आणि तुम्ही पर्समधून काय काढावं? हळदीकुंकवाची डबी! आणि पाण्याची बाटली. सेंगकांगच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही रोज सकाळी बाटलीनं चार थेंब सडा टाकायचात आणि समोरची चिनी ऑंटी घसरू नये म्हणून लगेच फडक्यानं पुसूनही घ्यायचात, ते मला माहीत होतं. पण इथे? तुम्ही खाली बसलात, ओंजळीत पाणी घेऊन त्या वाळूवर शिंपडलंत, वर हळदीकुंकू वाहिलंत आणि हात जोडलेत. तुमच्या त्या जुन्या खणतीवर गडीमाणसं काम बंद करताना असंच करायची म्हणे. जमिनीला उघडं पाडलं, आता झाकतोय, राग धरू नकोस.

डेरेकनं लांबून लाल-पिवळं पाहिलं मात्र, तो किंचाळलाच. 'ऑंटी! कॅनॉट ला! यू कंटॅमिनेट माय लेयर!' बिचारा धावत आला. शास्त्रशुद्ध थरावर कुणी हळद टाकेल असं त्याला स्वप्नातसुद्धा वाटलं नसणार. असला घोळ आपल्याच माणसांनी घालावा! मी इतकी ओशाळले की म्हटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं, खड्डा तयारच आहे. तो गुडघ्यावर बसला, हातातल्या छोट्या थापीनं कुंकू अलगद खरवडायला लागला. आणि मधेच त्याचा हात थांबला.

तुम्ही दोघंही एकाच जागी बघत होतात. मला काहीच दिसेना. ओली वाळू, बस. मग तुम्ही माझी मान धरून खाली वाकवलीत, अक्षरशः मान धरून, आणि बोटानं हवेत गोल काढून दाखवलात. ओल्या वाळूत एक काळपट गोल होता. जेवणाच्या ताटाएवढा. कोरडं असताना सगळं एकाच रंगाचं दिसत होतं, पाणी पडलं तसा तो वर आला.

'मेढ,' तुम्ही म्हणालात. 'घराची मेढ रोवलेली होती इथे. लाकूड कुजून जातं, पण त्याच्या जागेची माती काळी राहते.'

तुमचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. डेरेकचा चेहरा मात्र पुन्हा पडला. तो म्हणाला, एक गोल म्हणजे काहीही असू शकतं. झाडाचं मूळ. 'ट्री रूट ला, ऑंटी.' एवढ्यावर मी साहेबांना फोन करू शकत नाही. ओळीत दुसरा सापडला, तिसरा सापडला, तर ते घर. नाहीतर संध्याकाळी खड्डे बुजवायचं मशीन येणारच.

कुंपणाबाहेर मशीन येऊन उभंही होतं. पिवळं धूड. त्याचा चालक हमीद सावलीत बसून सिगारेट ओढत होता.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, 'चला घरी.' तुमचा चेहरा पाहिला आणि मला ती तार आठवली. मी मिलिंदला फोन लावला. म्हटलं, 'आम्ही येत नाही. श्रीखंड तू घोट.' तो म्हणाला, 'मला येत नाही घोटायला.' मी म्हटलं, 'शीक.' आणि बाह्या सरसावून खाली उतरले. ती माझी क्रीम रंगाची पँट पुन्हा कधी क्रीम झाली नाही.

तुम्ही हात पसरून अंतर धरलंत, 'इथून साधारण एवढ्यावर दुसरी मेढ असणार,' आणि पूर्वेकडे खरवडायला लागलात. मी तुमच्या मागे पाणी शिंपडत. एकदम ओतायचं नाही, सडा टाकतात तसं, बोटांतून. काही नाही. आणखी पुढे. काही नाही. नुसती वाळू. तुमच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता. डेरेक दोनदा येऊन बघून गेला. तुम्ही बोलेनाशा झालात. तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटायची.

'पूर्वेलाच का पण?' मी विचारलं.

'अगं, घराचं तोंड पूर्वेला असतं.'

'आपल्याकडे! आई, ही माणसं काय पुण्याची होती? समोर नदी आहे. होड्या तिथे लागत असणार, गिऱ्हाईक तिथून येणार. हे दुकान आहे. दुकानाचं तोंड गिऱ्हाईकाकडे असतं.'

तुम्ही असं काही वळून पाहिलंत माझ्याकडे! 'दुकान? बँकेत राहून राहून तुला सगळीकडे दुकानं दिसतात.' पण म्हणालात आणि तशाच बसल्या बसल्या नदीकडे वळलात. हात पसरून अंतर धरलंत. खरवडलंत. मी पाणी शिंपडलं.

आला! आई, दुसरा गोल आला! पाणी मुरता मुरता वाळूतून काळा उमटत गेला, आधी एक कड, मग अर्धा, मग पुरा. मी एवढ्यानं ओरडले की हमीद सिगारेट टाकून उठून उभा राहिला. आणि तुम्ही 'ओरडतेस काय, पाणी टाक' म्हणून माझ्यावर खेकसलात, आणि तुमचे डोळे भरून वाहत होते. ते तुम्ही मातीच्या हातानं पुसलेत, तसं कुंकू, हळद, वाळू सगळं गालावर.

मग काय विचारता. मोठा खड्डा सोडून सगळेच्या सगळे आपल्याकडे धावले. तिसरा गोल. चौथा. डेरेकनं आखणीची दोरी स्वतःच्या हातानं पुढे सरकवली. तो आता पोरासारखा उड्या मारत होता, मधेच कॅमेऱ्यातून फोटो काढत होता, मधेच कपाळाला हात लावत होता. पलीकडची रांग लागली. दोन्ही रांगांच्या मधे जमीन कडक, चोपून केलेली, आणि एका कोपऱ्यात भाजलेली लाल माती नि कोळसा. तुम्ही विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलंत. 'चूल. आता बोल.'

'चूल हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या दुकानातपण असते,' मी म्हटलं.

ते भांडण पुढे इतकी वर्षं चाललं. जेवताना, एमआरटीत, तुमच्या आजारपणात हॉस्पिटलच्या पलंगावरसुद्धा. तुम्ही म्हणायचात घर, मी म्हणायचे दुकान. डॉक्टरांना वाटायचं आपण फ्लॅट घ्यायचा विचार करतोय. खरं सांगू? मला कुठे काय कळत होतं त्यातलं. पण तुम्ही भांडायला उठून बसायचात, तेवढं मला पुरे होतं.

एक मात्र राहून गेलं. त्या दिवशी मला तुम्हाला 'शाब्बास' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण सुनेनं सासूला शाब्बास म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून मी 'पाणी घ्या' म्हटलं. आता रीत गेली खड्ड्यात. शाब्बास, आई. अशी जिद्द मी दुसरीकडे पाहिली नाही. ऑफिसात मला कुणी सांगितलं की हे आता संपलं, बंद झालं, तर मी आधी खाली वाकून बघते, ते तुमच्यामुळे. हे तुमच्याजवळ कधी बोलले नाही. तुम्ही डोक्यावर बसला असतात.

डेरेकनं साहेबांना फोन केला. साहेब आले, त्यांच्या मागून बांधकामवाल्यांचा माणूस आला, घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालून. साहेब खाली बसले, ओल्या गोलांवरून हात फिरवला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्या दोघांचं बाजूला जाऊन बोलणं झालं. तुम्ही माझं मनगट असं आवळून धरलं होतंत की बांगडी रुतली. शेवटी बांधकामवाल्यानं कुंपणाशी जाऊन मशीन सुरू करून बसलेल्या हमीदला हात केला: इंजीन बंद कर. आज नाही. हे लोक काम पुरं करतील, मग बघू.

जो काय ओरडा झाला! चिनी, मलाय, तमिळ, आपण, कोण कोणाच्या गळ्यात पडत होतं पत्ता नव्हता. एका कॉलेजच्या मुलीनं तुम्हाला उचलायचा प्रयत्न केला. पुढे तिथे पाहणी झाली, नकाशे झाले, अहवालात त्या जागेला सावधपणे नुसतं 'बांधकामाचे अवशेष' म्हटलं, तुम्ही त्यावर नाक मुरडलंत, हे सगळं पुढचं. मला आठवते ती त्याच संध्याकाळची एक गोष्ट.

ऊन उतरलं होतं. डेरेक मधोमध उभं राहून फोटो काढायला म्हणून सरळ रांगेवरून आत पाय टाकणार, तेवढ्यात तुम्ही ओरडलात, 'थांब! भिंतीतून काय येतोस? दारातून ये.' मराठीतच. मग इंग्रजीत सांगितलंत. नदीकडच्या रांगेत मधे दोन मेढींत अंतर जास्त होतं, ते दार. त्याच्यापुढची वाळू पायांनी दबून घट्ट झालेली. तुम्ही वळसा घालून तिथे गेलात. माझ्या खांद्याला धरून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी खाली वाकलात, पायांतले कॅनव्हासचे बूट काढलेत, दाराबाहेर एकाला एक लावून ठेवलेत आणि अनवाणी आत गेलात.

डेरेकनं तुमच्या बुटांकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. आणि तो खाली बसून नाड्या सोडायला लागला. या देशात कुणाच्याही घरी जा, चिनी असो, मलाय असो, आपलं असो, पायताण बाहेरच राहतं. त्याच्यामागून त्याचे साहेब. त्या कॉलेजच्या मुली. हमीद मशीनवरून खाली उतरला, चिखलाचे गमबूट काढून त्यानं बाहेर उभे केले. बघता बघता दारात ही रांग लागली बुटांची.

आणि तुम्ही घराच्या मधोमध उभ्या होतात. कोपरापर्यंत माती, गालभर पसरलेलं कुंकू, मान ताठ. तुम्ही हात पुढे करून म्हणालात, 'या, या. बसा.' एकालाही मराठीचा गंध नव्हता. सगळे बसले. त्या जमिनीवर मांडी घालून, सगळे.

सर्वांत शेवटी मी आले. एका हातानं माझ्या टाचांच्या चपला काढत होते, दुसऱ्या हातानं तोल सावरत होते. तुमची नजर गेलीच.

'काय गं मेधा,' तुम्ही म्हणालात, 'दुकानात शिरताना कधी चपला काढतेस का तू?'

सगळ्यांसमोर माझी बोलती बंद झाली. तुम्ही त्या दिवशी जिंकलात ते जिंकलात, आणि नंतर दर भांडणात तेच वाक्य तोंडावर मारून मला गप्प केलंत. आज दुपारी तुमच्या खोलीत तुमचं कपाट आवरत होते. नऊवारीची घडी हातात घेतली आणि एकदम उत्तर सुचलं. काढतात की, आई! साड्यांच्या दुकानात काढतात. गादीवर बसायचं तर बाहेरच काढाव्या लागतात चपला. मी ताडकन उठले आणि तुम्ही बाहेर स्वयंपाकघरात आहात असं धरून खोलीच्या दारापर्यंत हाक मारत आले.